वर्ग व वर्गमूळ

वर्ग व वर्गमूळ : कोणत्याही संख्येस त्याच संख्येने गुणले असता येणाऱ्या गुणाकारास त्या संख्येचा वर्ग म्हणतात, आणि ज्या संख्येचा वर्ग केला असता दिलेली संख्या येते, ती दिलेल्या संख्येचे वर्गमूळ होय. उदा., २० चा वर्ग ४००, म्हणून ४०० चे वर्गमूळ २०. व्याख्या एका वाक्यात मावत असली, तरी या दोन क्रियांची अवघडता सारखी नाही. वर्ग करण्यास गुणाकार येणे पुरेसे असते. मूळ काढताना मात्र कोणी केलेला गुणाकार उलट्या बाजूने उलगडावा लागतो. भारतीय गणितात हे उलगडणे प्राचीन काळापासून एकाच युक्तीने होत आले आहे : हाती आलेल्या मुळाची दुप्पट करावयाची आणि उरलेल्या राशीस तिने भागावयाचे. ही दुप्पट कोठून येते हे कळले, की वर्ग आणि वर्गमूळ यांचा परस्परसंबंध कळला असे म्हणावयास हरकत नाही. रीत पाठ असणे आणि तिचे कारण ठाऊक असणे या दोन गोष्टींत महाराष्ट्रात दीर्घकाळ अंतर राहिले. हे अंतर तोडण्याचे श्रेय ज्या पिढीस द्यावे लागते, तिच्या अग्रभागी देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या गावी जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर होते.

‘वर्ग’ ही संज्ञा मूलतः भूमितीची आहे. आर्यभट (पहिले) यांनी समान बाजूंच्या चौरसाला आणि त्याच्या क्षेत्रफळालाही वर्ग म्हटले आहे. जमिनीच्या मोजणीत हा संबंध उघड दिसतो. कोकणात व देशावर चालत आलेल्या जुन्या मापनात पाच हात व पाच मुठी यांची एक काठी होत असे. क्षेत्रफळाच्या मोजणीत वीस काठ्यांचे एक पांड व वीस पांडांचा एक बिघा धरीत. म्हणजे बिघा हे ४०० चौरस काठ्यांचे क्षेत्र होय आणि चौरसाकृती बिघ्याची बाजू वीस काठ्या भरते.

देवगडच्या कातळउतारावर अशी एका बिघ्याची चौरस बाग आहे आणि तिच्या चारही बाजूंस चिऱ्याचा गडगा घातलेला आहे, असे समजू. गडग्याची लांबी ८० काठ्या होईल. बागाईतदारास दोन बिघ्यांची चौरस बाग करावयाची आहे. बाजू दुप्पट, म्हणजे ४० काठ्या घेतल्यास क्षेत्र १,६०० चौरस काठ्या, म्हणजे चार बिघे होते. बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते, ही गोष्ट ऐकून माहीत असलेला मनुष्यही प्रत्यक्ष हिशेबात हटकून विसरतो. तेव्हा ८०० चे वर्गमूळ काढणे भाग आहे.

जुनी बाग एका कोपऱ्यात तशीच ठेवून दोन बाजूंनी ती वाढवीत नेली, तर वाढीव जमिनीचे तीन तुकडे पडतात. २० काठ्या लांबीच्या दोन पट्ट्या आणि त्या जेथे मिळतात तेथे एक लहान चौरस. पट्टीची रुंदी ‘ब’ मानल्यास वाढ (२ × २० × ब) + ब² इतकी होते आणि ती ४०० व्हावयास हवी. कोपऱ्याचा तुकडा क्षणभर बाजूस ठेवला, तर ४०० ला ४० ने भागून १० येतात. परंतु कोपऱ्यालाही जागा लागते, म्हणून १० किंवा ९ हे आकडे चालत नाहीत; ८ घेतल्यास ३२० + ६४ = ३८४ होऊन १६ उरतात. मूळ आता २८ झाले. पुन्हा त्याची दुप्पट ५६ करून १६ ला तिने भागले असता २/७ मिळतात. २८ २/७ चा वर्ग ८०० पेक्षा अवघ्या ४/४९ ने अधिक आहे. एवढी चूक कोणत्याही काठीच्या मोजणीत दिसणार नाही. नव्या बागेला गडगा सु. ११३ काठ्या लागेल, १६० नव्हे.

या उदाहरणात ‘दुप्पट’ कशाची याचे उत्तर डोळ्यांसमोर आहे : पट्ट्या दोन, म्हणून मुळाची दुप्पट. बीजगणिताच्या भाषेत (अ + ब)² = अ² + २अब + ब² हेच ते विधान. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे समजण्याची विद्यार्थ्यांची सार्वत्रिक चूक म्हणजे या दोन पट्ट्या विसरणे होय. याच कारणाने ९ + १६ चे मूळ ३ + ४ म्हणजे ७ येत नाही, ५ येते. आजच्या आंबा-लागवडीतही चौरस मांडणी प्रचलित आहे. दहा मीटर अंतराने लावल्यास एका हेक्टरात १०० कलमे बसतात; परंतु २०० कलमे चौरसात बसविता येत नाहीत, कारण १४ × १४ = १९६ आणि १५ × १५ = २२५. २०० ही पूर्ण वर्गसंख्या नव्हे.

प्राचीन भारतात या प्रश्नाचा उगम शेतात नव्हे, तर यज्ञवेदीच्या रचनेत झालेला आढळतो. शुल्बसूत्रांत (इ. स. पू. सु. ८००–५०० व नंतर) दोरीने वेदी आखण्याचे नियम आहेत. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस हवा असल्यास मूळ चौरसाच्या कर्णावर तो काढावा, असे त्यांत सांगितले आहे. ज्या दोरीने दुप्पट क्षेत्र सिद्ध होते तिला ‘द्विकरणी’ असे नाव आहे. पुढे ज्या संख्येचे मूळ पूर्णपणे मिळत नाही तिच्या मुळास ‘करणी’ म्हणू लागले, ते यावरूनच. मुळात करणी ही संख्या नव्हती, दोरी होती.

बौधायन शुल्बसूत्रात एक एकक बाजू असलेल्या चौरसाच्या द्विकरणीचे, म्हणजे २ च्या वर्गमुळाचे मान असे दिले आहे : १ मध्ये १/३ मिळवावे, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग त्यातून वजा करावा. हे ५७७/४०८ म्हणजे १.४१४२१५६… होते, खरे मान १.४१४२१३५… आहे. सूत्रात उपपत्ती दिलेली नाही. परंतु आकडे स्वतःच बोलके आहेत. १ १/३ चा वर्ग २ पेक्षा २/९ ने कमी पडतो. त्यास १ १/३ च्या दुपटीने भागले असता १/१२ येतो. आता मूळ १७/१२ झाले. त्याचा वर्ग २ पेक्षा १/१४४ ने जास्त आहे. त्यास १७/१२ च्या दुपटीने, म्हणजे ३४/१२ ने, भागले की १/४०८ मिळतो आणि तो वजा करावा लागतो. सूत्रातील ‘चौतिसावा भाग’ १७ च्या दुपटीतून आलेला असावा असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे. पेशावरजवळील बक्षाली येथे १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रावरील हस्तलिखितातही हीच पायरी आढळते. दिलेल्या संख्येतून जवळच्या वर्गाची वजाबाकी करून बाकीस मुळाच्या दुपटीने भागावे आणि मग आणखी एक दुरुस्ती करावी, असा तेथील नियम आहे. या हस्तलिखिताच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत.

दशमान स्थानमूल्य पद्धती रुळल्यानंतर मूळ काढण्याची सर्वसामान्य रीत शक्य झाली. ती आर्यभटीयात (४९९) एका आर्येत दिलेली आहे. एका अंकाच्या संख्येचा वर्ग एक किंवा दोन अंकी, दोन अंकी संख्येचा तीन किंवा चार अंकी असतो; म्हणजे मुळातील प्रत्येक अंकामागे वर्गात दोन स्थाने लागतात. म्हणून उजवीकडून मोजून विषम स्थाने ‘वर्ग’ व सम स्थाने ‘अवर्ग’ अशी विभागणी करतात. वर्गस्थानातून वर्ग वजा करावयाचा आणि अवर्गस्थानास मुळाच्या दुपटीने भागावयाचे, ही रीत श्रीधर, महावीर आदी ग्रंथकारांनी पुढे चालविली.

महाराष्ट्रातील शिक्षणावर सर्वांत खोल ठसा उमटला तो भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) लीलावतीचा. शके १०७२ (११५०) मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथात वर्ग करण्याच्या एकाहून अधिक रीती सांगितल्यावर ९, १४, २९७ व १०,००५ यांचे वर्ग विचारले आहेत. लगेच पुढे वर्गमुळाच्या प्रकरणात ४ व ९ यांची मुळे विचारून ‘पूर्वी केलेल्या’ त्याच वर्गांची मुळे सांगण्यास सांगितले आहे. ही मांडणी काटकसरीसाठी केलेली वाटेल. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने ती मार्मिक आहे. विद्यार्थ्याने स्वतः बांधलेली गाठ त्याच्याकडूनच सोडवून घेतली जाते, आणि दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

२९७ चेच उदाहरण घेऊ. लीलावतीतील एका रीतीप्रमाणे इष्ट संख्या ३ घेऊन ती २९७ मध्ये मिळविली व त्यातून वजा केली, तर ३०० आणि २९४ येतात. त्यांचा गुणाकार ८८,२००. त्यात ३ चा वर्ग मिळविला की ८८,२०९. आता मूळ काढावयाचे. ८ ८ २ ० ९ या अंकांपैकी डावीकडचा ८, मधला २ आणि शेवटचा ९ ही वर्गस्थाने. पहिल्या ८ मधून २ चा वर्ग ४ वजा केला, ४ उरले. पुढचा ८ घेऊन ४८ झाले. त्यास २ च्या दुपटीने, ४ ने, भागून ९ घेतले, १२ उरले. (४८ मध्ये ४ बारा वेळा जात असले, तरी मुळाचा एक अंक ९ पेक्षा मोठा असू शकत नाही.) पुढचा २ घेऊन १२२, त्यातून ९ चा वर्ग ८१ वजा जाता ४१. मूळ २९ झाले, त्याची दुप्पट ५८. पुढचा ० घेऊन ४१०. त्यास ५८ ने भागता ७ येऊन ४ उरले. शेवटचा ९ घेऊन ४९. त्यातून ७ चा वर्ग वजा जाता शून्य. दुपटींची पंक्ती ५९४ झाली. तिचे अर्ध २९७ हे मूळ. आज शाळेत शिकविली जाणारी भागाकार पद्धती हीच आहे; फक्त ४८ मधून ३६ आणि १२२ मधून ८१ अशी दोन वेळा वजाबाकी न करता ४९ × ९ = ४४१ एकदम वजा करतात. अवयव पाडून मूळ काढण्याची दुसरी शालेय रीत ८८,२०९ साठी सोपी आहे, कारण ही संख्या ७२९ × १२१ आहे आणि मूळ २७ × ११. परंतु संख्या पूर्ण वर्ग नसेल, तर ही रीत करणीपाशीच थांबते. वर आलेल्या ८०० चे मूळ तिने २० × √२ इतकेच मिळते.

पूर्ण मूळ नसलेल्या संख्यांसाठी लीलावतीत दिलेल्या संख्येस मोठ्या वर्गसंख्येने गुणून मूळ घ्यावे व मग त्या वर्गाच्या मुळाने भागावे असे सांगितले आहे. २ ला १०,००,००० ने गुणून २०,००,००० चे जवळचे मूळ १,४१४ घेतले व १,००० ने भागले, की १.४१४ मिळते. दशांश चिन्ह नसतानाची ही दशांश पद्धतीच म्हणावी लागेल. बीजगणितात भास्कराचार्यांनी आणखी एक मुद्दा निःसंदिग्धपणे मांडला आहे. धन व ऋण या दोन्ही राशींचे वर्ग धनच असतात. म्हणून धनराशीस धन व ऋण अशी दोन मुळे असतात आणि ऋणराशीस मूळच नसते, कारण ती कोणाचाही वर्ग नाही. √ या आधुनिक चिन्हाने यांपैकी धन मूळच दर्शविण्याचा संकेत आहे. त्यामुळे –५ चा वर्ग करून मग √ घेतल्यास –५ परत मिळत नाही, ५ मिळतात. हे चिन्ह जर्मन गणिती क्रिस्टोफ रूडोल्फ यांच्या १५२५ च्या बीजगणितावरील पुस्तकात प्रथम छापलेले आढळते. ‘मूळ’ ही वनस्पतीवरून घेतलेली उपमा मात्र अरबी व लॅटिन भाषांतही आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन त्यांच्यानंतर महाराष्ट्रात संस्थारूपाने चालू होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख असून, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठास दिलेल्या देणग्या त्यात नोंदल्या आहेत. मठाचा हेतू भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन हा होता. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. तथापि पुढील शतकांत लीलावती प्रामुख्याने ज्योतिषी व शास्त्री घराण्यांपुरती राहिली. पंतोजींच्या शाळेत मुले तीसपर्यंतचे पाढे, तसेच पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकीत. पाढ्यांच्या कर्णावर १४४, १६९, १९६ हे वर्ग त्यांच्या तोंडी येतच. पण १४४ वरून १६९ ला जाताना २५ म्हणजे १२ ची दुप्पट आणि एक का मिळवावा लागतो, हे विचारण्याची प्रथा नव्हती. शास्त्र्यांकडे श्लोक होता, मुलांकडे पाढा होता. कारण बहुधा दोघांकडेही नव्हते. टीकाकारांनी लिहिलेल्या उपपत्ती संस्कृतात होत्या आणि सामान्य विद्यार्थ्यापर्यंत त्या पोहोचत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही स्थिती बदलू लागली. जॉन टेलर यांचे लीलावतीचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले; त्यानंतरच्या वर्षी कोलब्रुक यांचे लंडनला निघाले. पुढील दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या साह्याने हटन यांच्या गणितग्रंथांवरून मराठी पुस्तके तयार केली. या मंडळींपुढील अडचण शब्दांची होती, आणि ती लीलावतीनेच सोडविली. वर्ग, घन, मूळ, गुणक, भाजक, लब्धी, त्रैराशिक हे शब्द तयार होते. इंग्रजी शब्द उसने घेण्याची गरज पडली नाही. मराठी शालेय गणिताची परिभाषा त्यामुळे आजही भास्कराचार्यांना ओळखीची वाटेल अशी राहिली आहे.

बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांचे जन्मगाव पोंभुर्ले हे पूर्वीच्या रत्नागिरी व १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. घरी संस्कृत अध्ययन झाल्यावर ते मुंबईस गेले. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या दर्पण या पत्रामुळे त्यांना मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक म्हणतात आणि त्या कीर्तीत त्यांचे गणितकार्य झाकले गेले आहे. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. दादाभाई नवरोजी आणि केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे विद्यार्थी. दादाभाई पुढे त्याच महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. केरूनानांकडून गणित शिकलेल्यांत लोकमान्य टिळक होते.

जांभेकरांच्या गणितविषयक लेखनात शून्यलब्धी हा अवकलनावरील ग्रंथ विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे नाव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लब्धी म्हणजे भागाकाराचे फळ. शून्यवत् होत जाणाऱ्या राशींच्या भागाकारातून जी लब्धी मिळते ती शून्यलब्धी, असा त्याचा अर्थ लावता येतो. याचे सर्वांत सोपे उदाहरण वर्गाचेच आहे. २० काठ्या बाजूची बाग अगदी थोड्या रुंदीने, ‘ह’ ने, वाढविली, तर क्षेत्र ४०ह + ह² इतके वाढते. त्यास ह ने भागल्यास ४० + ह मिळतात. ह शून्याकडे जाऊ लागला, की कोपऱ्याचा तुकडा नगण्य होऊन ४० उरतात. क्ष² ची शून्यलब्धी २क्ष होय. शुल्बसूत्रांतील ३४, आर्यभटांचा द्विगुण भाजक आणि लीलावतीतील दुपटींची पंक्ती या सर्व ठिकाणी हीच राशी कार्य करीत होती. तिला स्वतंत्र नाव व व्यापक अर्थ मिळाला तो न्यूटन व लायब्निट्स यांच्या कलनशास्त्रात. आणि ते शास्त्र मराठीत आणताना बनविलेला शब्द लीलावतीच्या शब्दसंग्रहातून घडला, हा योगायोग नव्हे. संस्कृत गणिताची परिभाषा आणि नवे पाश्चात्त्य गणित या दोन्हींत गती असलेल्या मनुष्यालाच तो सुचणे शक्य होते. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात जांभेकरांच्या हातून या दिशेने आणखी काम होऊ शकले नाही, ही मराठी विज्ञानलेखनाची मोठी हानी होय.

गणकयंत्राचे बटण दाबताच येणारे मूळही सामान्यतः अशाच क्रमिक दुरुस्तीने काढता येते. न्यूटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत अंदाजी मूळ घेऊन, वर्गातील उणीव मुळाच्या दुपटीने भागून ती मिळवीत जातात. द्विकरणीच्या १ १/३, १७/१२, ५७७/४०८ या पायऱ्या याच रीतीने मिळतात.

विसाव्या शतकात वर्गसंख्यांकडे निराळ्या कुतूहलाने पाहणारे महाराष्ट्रीय गणिती म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६). त्यांचा जन्म डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. १, ११, १११, १,१११ यांच्या वर्गांतून मिळणाऱ्या १, १२१, १२,३२१, १२,३४,३२१ अशा संख्यांना त्यांनी रेल्वेच्या एका स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग पाडून ते मिळविले असता मूळ संख्या परत येते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २,०२५ असून २० + २५ = ४५; ७०३ चा वर्ग ४,९४,२०९ असून ४९४ + २०९ = ७०३. येथे वर्गातून मुळाकडे परतण्याचा एक अनपेक्षित मार्ग मिळतो. तो थोड्याच संख्यांना लागू पडतो आणि त्याचा हिशेबाला उपयोग नाही. कापरेकरांना गणितज्ञांच्या वर्तुळात दीर्घकाळ फारसे महत्त्व मिळाले नाही; मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. लीलावतीतील उदाहरणाच्या चार संख्यांपैकी दोन कापरेकर संख्या आहेत : ९, कारण ८ + १ = ९; आणि २९७, कारण ८८ + २०९ = २९७.